ब्रेक, चाकं आणि लोणारचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यात मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक नाही. पण ब्रेक नेमकं काय करतो हे समजून घ्यायचं असेल, तर जिल्ह्यातलं लोणार त्यासाठी पुरेसं आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आणि दीडशे मीटर खोलीचं हे विवर म्हणजे एका अतिवेगवान वस्तूला अचानक लागलेला ब्रेक. आकाशातून आलेला दगड दख्खनच्या बेसॉल्टवर आदळला, क्षणात थांबला आणि त्याच्या वेगातली सगळी ऊर्जा कुठेतरी जाणं भाग होतं. खडक उडाला, चिरडला, वितळला. त्या वितळलेल्या खडकाचे काचेसारखे कण आजही विवराच्या परिसरात सापडतात.

मोटारीचा ब्रेक याहून वेगळं काही करत नाही. धावत्या गाडीतली ऊर्जा तो नाहीशी करत नाही, करूच शकत नाही. तो तिची उष्णता करतो आणि ती उष्णता हवेत जाईपर्यंत स्वतः सोसतो. फरक एवढाच, की मोटारीच्या बाबतीत खडक वितळू द्यायचा नसतो.

आकड्यांत पाहू. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. लोणारच्या अशनीचा वेग सेकंदाला २० किलोमीटर धरला, तर तो या मोटारीच्या ४०० पट. पण वजनाच्या प्रत्येक किलोमागे निर्माण होणारी उष्णता ४०० पट नसते, ती १ लाख ६० हजार पट असते; कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. मोटारीचे ब्रेक बदलायला निघालेल्या माणसाने बाकी काही लक्षात ठेवलं नाही तरी हा वर्ग विसरू नये. रस्त्यावर वर्षानुवर्षं उत्तम चालणारे ब्रेक ट्रॅकवर पाच-सहा फेऱ्यांत हात का टेकतात, त्याचं उत्तर इथेच आहे.

चालकासकट १,२०० किलोची गाडी ताशी १०० वरून पूर्ण थांबवली, तर सुमारे ४.६ लाख ज्यूल उष्णता निघते. तीच गाडी ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर ताशी १८० ला पोहोचली आणि वळणाआधी ६० वर आणली, तर वाऱ्याचा अडथळा सोडून १३.३ लाख ज्यूल. गाडी अजून थांबलेलीही नाही आणि उष्णता जवळजवळ तिप्पट. एवढ्या उष्णतेत सव्वाचार लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत येतं आणि हे काम चार सेकंदांत होतं. म्हणजे सव्वाशे-दीडशे अश्वशक्तीचं इंजिन असलेल्या गाडीचे ब्रेक त्या चार सेकंदांपुरते साडेचारशे अश्वशक्तीच्या आसपास काम करत असतात. जाहिरातीत इंजिनाचा आकडा ठळक छापतात. हा दुसरा आकडा कुणी छापत नाही.

आता ही उष्णता कुठे जाते ते पाहू. ढोबळमानाने ७० टक्के पुढच्या दोन डिस्कमध्ये. प्रत्येक डिस्क सहा किलोची धरली, तर एकाच दमात तिचं तापमान सुमारे १६० अंशांनी चढतं. पुढचं वळण येईपर्यंत हवा त्यातलं काही काढून नेते, सगळं नाही. उरलेल्यावर पुढची भर पडते.

बुलढाण्याहून मोताळ्याकडे, पुढे मलकापूरला जाणाऱ्या रस्त्यावरचा राजूर घाट हाच धडा सावकाश शिकवतो. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६४० मीटरवर; मलकापूर खाली पूर्णेच्या सपाटीवर. उतारावर ३०० मीटर उंची कमी झाली असं धरलं, तर त्याच १,२०० किलोच्या गाडीतून सुमारे ३५ लाख ज्यूल बाहेर पडायला हवेत. जाणता ट्रकवाला घाटाच्या तोंडाशीच खालचा गिअर टाकतो, तो यासाठी. ऊर्जेचा मोठा वाटा इंजिन अडवून धरतं, उरलेला ब्रेक दहा-बारा मिनिटांत सवडीने हवेत सोडतात. ट्रॅकवर ही सवड मिळत नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटची एक फेरी ५.१ किलोमीटरची, १६ वळणांची. हौशी चालकाला साध्या चपळ गाडीत ती अडीच मिनिटांच्या आसपास लागते आणि त्यात तीन-चार वेळा तरी ब्रेक पुरता दाबावा लागतो. म्हणजे दर फेरीला एक अख्खा राजूर घाट, तोही बहुतांशी ब्रेकच्या जिवावर. असं सत्र पंधरा-वीस मिनिटं चालतं.

घाटातला आणि ट्रॅकवरचा बिघाड मात्र एकाच पद्धतीने येतो आणि त्याची दोन रूपं आहेत. ती वेगळी ओळखता आली पाहिजेत, कारण उपायही वेगळे आहेत.

पहिल्या रूपात पेडल पायाखाली टणक लागतं, पण गाडी थांबत नाही. पॅडमधलं घर्षणद्रव्य त्याच्या मर्यादेपलीकडे तापलेलं असतं. कंपनीतून येणारे पॅड सकाळच्या गारव्यात पहिल्याच दाबाला पकडावेत, किंचाळू नयेत, चाकावर काळी भुकटी कमी पडावी, अशा बेताने बनवलेले असतात. साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे त्यांतला बांधणारा रेझिन जळू लागतो आणि पकड सुटते. ट्रॅकसाठीचे पॅड सहाशे अंशांच्या पलीकडेही टिकतात. त्याची किंमत म्हणून थंड असताना ते आळशी असतात, आवाज करतात आणि डिस्क लवकर खातात. दोन्हीकडे सारखेच चांगले पॅड विकणाऱ्याच्या शब्दावर फार विश्वास ठेवू नये.

दुसरं रूप जास्त भीतीदायक. पेडल थेट तळाला जातं, काहीच लागत नाही. इथे ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. द्रव दाबला जात नाही म्हणून तो पायाचा जोर डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत नेतो. उकळून त्याची वाफ झाली, की वाफ दाबली जाते आणि जोर तिथेच संपतो. डॉट ४ दर्जाच्या नव्या, कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. पण हे द्रव्य हवेतली आर्द्रता ओढून घेतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं, की दर्जाची किमान अट १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. दोन-तीन पावसाळे पाहिलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणं म्हणजे संकटाला आमंत्रण. शर्यतीसाठीच्या ऑइलचा कोरडा उत्कलनबिंदू ३०० च्या वर असतो. मोटुलच्या आरबीएफ ६६० चा ३२५ अंश. मात्र अशी ऑइलं वारंवार बदलावी लागतात. एक सावधगिरी गॅरेजवाल्यांसाठीही: ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइलचा थेंबही जाता कामा नये. रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा खोलावी लागते.

घर्षणद्रव्याचा इतिहासही उतारावरूनच सुरू होतो. इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ च्या सुमारास पाहिलं, की घोडागाडीवाले उतारावर चाकाला दाबायच्या लाकडी ठोकळ्यावर जुन्या बुटांचं कातडं लावतात. त्यातून त्यांनी ब्रेकच्या लायनरचा धंदा उभा केला. त्या धंद्याचं फेरोडो हे नाव आजही पॅडच्या खोक्यावर असतं. डिस्क ब्रेकचं पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच घेतलं होतं, पण त्याचं खरं चीज व्हायला अर्धं शतक गेलं. १९५३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप जिंकली. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम तापून ढिले पडत असताना टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन वळणाच्या कितीतरी जवळ जाऊन ब्रेक मारू शकत होते. फेरीगणिक तेवढीच आघाडी मिळत राहिली.

आता मुख्य प्रश्न: पुढचे ब्रेक मोठे करावेत का? हौशी मंडळींची पहिली उडी इथेच असते, कारण लाल रंगाचा मोठा कॅलिपर चाकाआडून दिसतो आणि नवं ब्रेक ऑइल दिसत नाही.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. जे ब्रेक चाक लॉक करू शकतात, किंवा एबीएस जागं करू शकतात, त्यांची ताकद पुरेशी आहे. त्याहून जास्त ताकदीने गाडी लवकर थांबत नाही, कारण रस्त्याला धरणारा टायर आहे, ब्रेक नाही. मोठ्या डिस्कचा फायदा ताकदीचा नसून साठवणुकीचा आहे: जास्त लोखंड, म्हणून त्याच उष्णतेत कमी तापमान, आतल्या पोकळ पाकळ्यांतून जास्त हवा, म्हणून लवकर गारवा. दहाव्या फेरीतला ब्रेक पहिल्या फेरीसारखा लागावा, यासाठी ते पैसे असतात.

पुढचेच ब्रेक का, याचा हिशेब सोपा आहे. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि दोन आसांमधलं अंतर अडीच मीटर असेल, तर पूर्ण जोराच्या ब्रेकमध्ये गाडीच्या वजनाचा पाचवा हिस्सा मागून पुढे येतो. उभी असताना ६०-४० असलेली विभागणी ८०-२० होते. मागचे टायर हलके पडतात, पुढचे दबतात. कंपनीने पुढचा-मागचा ब्रेक या विभागणीला जुळवून दिलेला असतो.

नेमकी हीच जुळणी बिघडते. समजा, मूळ कॅलिपरमध्ये ५४ मिलिमीटरचा एकच पिस्टन आहे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २२.९ चौरस सेंटिमीटर. त्या जागी चार पिस्टनचा कॅलिपर बसवला, प्रत्येक पिस्टन ४० मिलिमीटरचा. चार पिस्टन म्हणजे चौपट जोर, असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. अशा कॅलिपरमध्ये एका बाजूचे दोनच मोजायचे. ते भरतात २५.१ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दहा टक्के जास्त. डिस्क मोठी झाल्याने पॅड मध्यापासून २५ टक्के दूर गेला. दोन्ही मिळून पुढच्या ब्रेकचा जोर ३७ टक्क्यांनी वाढला आणि मागचा होता तेवढाच राहिला. आता पुढची चाकं लवकर लॉक होऊ पाहतात, मागच्या टायरमध्ये शिल्लक असलेली पकड वापरलीच जात नाही आणि थांबायचं अंतर चक्क वाढू शकतं. शिवाय मोठे पिस्टन भरायला जास्त द्रव लागतो, म्हणून पेडलही खोल जातं. तेच पिस्टन ३६ मिलिमीटरचे घेतले असते, तर वाढ ११ टक्क्यांवर राहिली असती. डिस्कचं लोखंड मिळालं असतं आणि जुळणीही फारशी ढळली नसती. म्हणून दुकानात कॅलिपरचा रंग आणि पिस्टनची संख्या विचारण्याऐवजी पिस्टनचा व्यास विचारावा. विक्रेत्याला तो सांगता आला नाही, तर दुकान बदलावं.

भोकं पाडलेल्या डिस्कबद्दलही थोडं सांगायला हवं. त्या देखण्या दिसतात, पावसात उपयोगी पडतात. पण वारंवार तापून गार होताना भोकांच्या कडेपासूनच तडे धरतात. साध्या लोखंडी डिस्कवर ट्रॅक चालवायचा असेल, तर सपाट किंवा खाचा असलेली बरी.

मोठी डिस्क घ्यायची ठरली, की चाकाचा प्रश्न आपोआप उभा राहतो. १५ इंची रिमचा व्यास ३८१ मिलिमीटर. त्याच्या आत ३१२ मिलिमीटरची डिस्क आणि तिच्या कडेवर बसणारा कॅलिपर मावत नाही. १६ इंचीत जेमतेम, १७ इंचीत ऐसपैस. फॉर्म्युला वनने २०२२ मध्ये १३ इंची चाकं सोडून १८ इंची घेतली, तेव्हा पुढच्या डिस्कचा व्यासही २७८ वरून सुमारे ३३० मिलिमीटरवर गेला. पोर्शच्या ९११ जीटी ३ च्या ९९२ पिढीत पुढची लोखंडी डिस्क ३८० वरून ४०८ मिलिमीटरची झाली. तिच्याभोवती २० इंची चाक आहे. दोन्हीकडे क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे: चाकाचं माप डिस्कला जागा मिळेल एवढं, त्याहून जास्त नाही.

कारण मोठं चाक फुकट मिळत नाही. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं, की खड्ड्यावरून टायर जमिनीला धरून राहणं कठीण होतं. तेच वजन फिरतंही, म्हणून वेग घेताना आणि सोडताना दोन्हीकडे ते आडवं येतं. घडीव चाकं हलकी आणि चिवट, पण महाग. ओतीव चाकं स्वस्त, पण जड. भारतात हलक्या मिश्रधातूच्या चाकांच्या चाचणीसाठी एआयएस-०७३ हे मानक आहे. नावाजलेल्या चाकाची हुबेहूब नक्कल अर्ध्या किमतीत मिळते, तेव्हा ती या चाचणीतून गेली आहे का, हा पहिला प्रश्न असावा.

टायरचं माप बदललं तरी बाहेरचा व्यास फार हलू देऊ नये. १८५/६० आर १५ चा व्यास ६०३ मिलिमीटर भरतो, २०५/५० आर १६ चा ६११. फरक दीड टक्क्याच्या आत, म्हणजे स्पीडोमीटर आणि एबीएस दोघांनाही चालण्यासारखा. नटांच्या वर्तुळाचा व्यास मात्र तंतोतंत हवा. ११२ आणि ११४.३ मधला २.३ मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि ओढूनताणून नट बसवणारे कारागीर प्रत्येक गावात भेटतात. अशा चाकाचा नट तिरका बसतो. तो सुटला तर सुटतो तो वेगातच. चाकाचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मधली कडी बसवून घ्यावी. नट शंकूच्या बुडाचा की गोल बुडाचा, तेही चाकाशी जुळलं पाहिजे.

आणि या सगळ्याच्या मुळाशी टायर. समृद्धी महामार्गामुळे बुलढाणेकरांना हा विषय नवा राहिलेला नाही. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा तालुक्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा. रस्त्याची रचना ताशी १५० ची, मोटारींना परवानगी १२० ची. तासन्‌तास एका वेगात, तापलेल्या काँक्रीटवर जुना टायर चालवला की काय होतं, हे इथल्या लोकांनी पाहिलं आहे. परिवहन विभागाला प्रवेशद्वारांवर टायर तपासणी सुरू करावी लागली. तरीही प्रत्येक अपघाताचं खापर टायरवर फोडण्याची सवय बरी नव्हे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बस जळून २५ प्रवासी गेले. टायर फुटल्याचं सुरुवातीला सांगितलं गेलं. परिवहन विभागाच्या तपासणीत त्याचा पुरावा मिळाला नाही.

टायरवरचं अक्षर त्याची वेगमर्यादा सांगतं: टी म्हणजे ताशी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. ट्रॅकसाठी ते पाहायचंच, पण हवेचं गणित त्याहून उपयोगी. २५ अंशांना ३२ पीएसआय हवा भरलेला टायर ७५ अंशांवर गेला, की आतला दाब जवळजवळ ४० पीएसआय होतो. टायर फुगतो, मधल्याच पट्ट्यावर टेकतो, पकड जाते. म्हणून ट्रॅकवर जाताना हवा कमी ठेवतात आणि गरम टायरवर मोजतात. वैशाखात मलकापूर-खामगावच्या उन्हात भरलेल्या हवेचा आकडा तर सकाळी सात वाजता ट्रॅकवर कामाचाच नसतो. डिस्कला मात्र त्या उन्हाचं फारसं काही नाही. सहाशे अंशांच्या लोखंडाला हवा १५ अंशांची की ४५ ची, याने पाच टक्क्यांच्या आसपासच फरक पडतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. ट्रॅकसाठीचे बदल करण्याआधी आरटीओत विचारावं, विमा कंपनीला कळवावं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा तर कलम १८९ खाली सरळ गुन्हा आहे. राजूर घाटालाही ते लागू आहे आणि समृद्धीलाही.

खर्चाचा क्रम विचाराल, तर तो जवळजवळ ठरलेला आहे. आधी ताजं ब्रेक ऑइल, मग ट्रॅकजोगे पॅड, मग चांगले टायर, मग डिस्कपर्यंत हवा नेणारी नळी. एवढ्यावर बहुतेकांची हौस भागते. पेडल तरीही खोल जायला लागलं किंवा डिस्कला तडे जायला लागले, तरच मोठी डिस्क, आणि ती मावेल एवढंच मोठं चाक. नवे पॅड बसवल्यावर आठ-दहा वेळा वेग मध्यम ठेवून, पूर्ण न थांबता ब्रेक मारावेत, म्हणजे पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा चढतो. सत्राची शेवटची फेरी ब्रेकला न शिवता सावकाश काढावी. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली गुटका लावावा, नाहीतर तापलेला पॅड डिस्कवर आपला ठसा सोडतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरत राहतं. घरी निघण्यापूर्वी टॉर्क पान्याने नट कंपनीच्या आकड्यावर पुन्हा तपासावेत, टायर गार झाल्यावर हवा रस्त्याच्या मापाला आणावी, आणि मगच महामार्ग धरावा.